रेडिंग प्राँग परिसरातील घरगुती रेडॉन

रेडिंग प्राँग हा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी व न्यूयॉर्क या राज्यांतून जाणारा प्राचीन खडकांचा डोंगराळ पट्टा आहे. येथील खडकांत युरेनियमचे प्रमाण अधिक असल्याने या भागातील अनेक घरांत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू धोकादायक प्रमाणात साठतो.

इतिहास

डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमेरिक अणुऊर्जा प्रकल्पात काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे तेथील किरणोत्सर्ग-शोधक यंत्रे वारंवार वाजू लागली. ते प्रकल्पात प्रवेश करत असतानाही यंत्र वाजल्याने किरणोत्सर्गाचा स्रोत प्रकल्पाबाहेर असल्याचे स्पष्ट झाले. बॉयरटाउनजवळील त्यांच्या घराच्या तपासणीत रेडॉनचे प्रमाण सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर आढळले. कुटुंबाला घर सोडावे लागले. दुरुस्तीनंतर १९८५ मध्ये ते परतले. या घटनेपूर्वी घरातील रेडॉन हा मुख्यतः खाणींच्या परिसरातील किंवा खाणींच्या टाकाऊ मालाने दूषित झालेल्या घरांचा प्रश्न मानला जात असे. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने घरगुती रेडॉन निवारणाचा कायदा केला.

कारणे

युरेनियमच्या ऱ्हासातून रेडियम व रेडियमपासून रेडॉन तयार होतो. रेडॉन-२२२ चे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस असते. हा वायू जमिनीतून वर येऊन तळघरातील भेगा, पाइपांभोवतीच्या फटी व सांडपाण्याचे खड्डे यांतून घरात शिरतो. हिवाळ्यात घरातील उबदार हवा वर जाते, तळाशी दाब कमी होतो आणि जमिनीतील वायू आत ओढला जातो. खडक व बांधकाम यांतील फरकामुळे शेजारच्या दोन घरांतील प्रमाणही भिन्न असू शकते.

आरोग्यावरील परिणाम

रेडॉनला रंग, वास वा चव नसते व त्यामुळे तत्काळ कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुफ्फुसात गेलेली त्याची ऱ्हासजन्य मूलद्रव्ये अल्फा कण उत्सर्जित करून पेशींना इजा करतात. अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचा क्रमांक लागतो; तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार त्यामुळे दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू होतात. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो.

घरगुती चाचणी

अल्पकालीन चाचणी २ ते ९० दिवसांची असते. तीत बहुधा सक्रिय कोळशाची डबी ठेवून ती नंतर प्रयोगशाळेत पाठवतात. ९० दिवसांहून अधिक काळाच्या चाचणीतून वार्षिक सरासरीचा अधिक चांगला अंदाज येतो. उपकरण घरातील वापरात असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवतात. स्वयंपाकघर व स्नानगृह टाळतात. अल्पकालीन चाचणीत दारे-खिडक्या शक्यतो बंद ठेवतात.

मर्यादा व उपाय

पर्यावरण संरक्षण संस्था ४ पिकोक्युरी प्रति लिटर (१४८ बेकरेल प्रति घनमीटर) वा त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास दुरुस्तीची शिफारस करते. ही मर्यादा पूर्णतः सुरक्षित पातळी दर्शवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १०० बेकरेल प्रति घनमीटर ही संदर्भ पातळी सुचवली आहे. सर्वाधिक प्रचलित उपायात घराच्या पायाखालील वायू पाइप व पंख्याच्या साहाय्याने ओढून छपरावर सोडला जातो. केवळ भेगा बुजवणे सहसा पुरेसे ठरत नाही. दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी करणे आवश्यक असते.