गिरणगावाला शिकवायचा पैसा गेला कुठे?

लालबाग-परळचा इतिहास म्हटलं की आपण संप, मोर्चे, भजनी मंडळं आणि चाळी यांवर भरभरून बोलतो. एक गोष्ट मात्र राहून जाते. गिरणीचं काम शिकवायला या शहराने चांगला पैसा घातला होता. तो कुठून आला आणि कुणापर्यंत पोचला?

१८८४ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन परत निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईत निधी जमला. त्यातून तंत्रशिक्षणाची संस्था काढायचं ठरलं. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ५० वर्षं झाली, म्हणून नाव पडलं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. हेच आपलं व्हीजेटीआय. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या दातृत्वाने तिला भायखळ्याला, राणीच्या बागेसमोर जागा मिळाली. १९२३ मध्ये संस्था माटुंग्याला गेली.

पुढे मुंबई विद्यापीठही यात उतरलं. १९३३ साली विद्यापीठाने स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, म्हणजे जुन्या लोकांचं यूडीसीटी, आताचं आयसीटी. कापड रंगवणं, धुणं, छापणं याचं शास्त्र शिकवणं हा त्याचा एक मुख्य उद्देश. तेव्हाचे कुलगुरू सर विठ्ठल चंदावरकर स्वतः गिरणीधंद्यातले होते, हे लक्षात घ्या. १९४३ मध्ये हा विभागही माटुंग्याला आला. दादर-परळच्या भोंग्यांपासून हाकेच्या अंतरावर.

दोन्ही संस्थांनी मोठं काम केलं, याबद्दल वादच नाही. पण तिथून बाहेर पडले ते इंजिनिअर, रसायनतज्ज्ञ, गिरणीतले अधिकारी. साचे चालवणारा कोकणातला माणूस तिथे पोचलाच नाही. पोचणार कसा? १९११ च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस १२ तासांवर ‘आणला’, म्हणजे त्याआधी तो त्याहून मोठा होता. त्याने काम शिकलं ते साच्यापाशी उभं राहून, गाववाल्याच्या किंवा जॉबरच्या हाताखाली.

त्याच १९११ साली ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली. परळचं दामोदर नाट्यगृह ज्या संस्थेचं, तीच ही. लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. मोठ्या संस्थांच्या मानाने पैसा थोडा, पण वेळ आणि जागा कामगाराच्या सोयीची. फरक नेमका इथे होता.

याची किंमत कळली १८ जानेवारी १९८२ नंतर. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले आणि त्यातल्या अनेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. हातात कसब होतं, पण त्याचा कागद नव्हता. १९८६ मध्ये केंद्राने बंद गिरण्यांच्या पात्र कामगारांसाठी पुनर्वसन निधी आणला. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. तीन वर्षं चूल पेटायची सोय झाली. पण चाळिशीतल्या साचेवाल्याने पुढे करायचं काय, याचं उत्तर त्या टक्क्यांत नव्हतं. मग कुणी वॉचमन झाला, कुणी भाजी विकली, कुणी गाव गाठलं.

हे आज उकरून काढायचं कारण म्हणजे ‘कौशल्य विकास’ हा शब्द आता रोज कानावर पडतो. राज्याचं स्वतंत्र कौशल्य विद्यापीठ आहे, २०२४ पासून त्याला रतन टाटांचं नाव आहे. चांगलंच आहे. पण अनुदान जाहीर झालं की टाळ्या वाजवण्याआधी आपण तीन प्रश्न विचारूया. वर्ग किती वाजता भरतो? दहावी नापास पोराला प्रवेश आहे का? आणि कोर्स संपल्यावर किती जणांना काम लागलं, हे कोण सांगणार?

गिरणी कामगारांची नातवंडं आज त्याच जमिनीवरच्या मॉलमध्ये उभ्याने १० तास काढतात, नाहीतर बाईकवरून जेवण पोचवतात. विद्यापीठाचा पैसा त्यांच्या सुट्टीच्या वेळेला आणि त्यांच्या गल्लीपर्यंत आला, तरच तो त्यांचा. नाहीतर माटुंगा तेव्हाही जवळच होतं.