काळोखाची पुस्तके आणि हिंगोली

भय आणि चमत्कार हे विषय असलेल्या मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगताना अभ्यासकांची नजर सहसा पुण्या-मुंबईच्या छापखान्यांकडे वळते. परंतु १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा या इतिहासात फार जुना वाटेकरी आहे. या भूमीत चमत्काराची पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, आणि जगभर गाजलेल्या एका काळोख्या पुस्तकाच्या सामग्रीचा काही भाग याच भूमीतून उकरून काढला गेला. या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांचा एकत्र विचार केल्यास चमत्कार आणि क्रौर्य यांचे मोल वाचकाने कसे करावे, याविषयी काही निश्चित मते मांडता येतात.

चमत्काराची परंपरा येथे स्थळांनाच चिकटलेली आहे. हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानले जाते, आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भाविक ज्याला मानतात त्या औंढ्याच्या नागनाथ मंदिराविषयी अशी कथा सांगितली जाते, की नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जाण्यास भाग पाडले गेले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. मंदिराच्या समोर असावयाचा नंदी येथे मागील बाजूस आहे आणि भाविक तो या कथेचा पुरावा म्हणून दाखवतात. संतकथा मराठीत घरोघर पोहोचवण्याचे मोठे काम महिपतींच्या ‘भक्तिविजय’ या १७६२ सालच्या ओवीबद्ध ग्रंथाने केले. या परंपरेतील चमत्कार नेहमी अपमानित माणसाच्या बाजूने उभा राहतो, ज्याला दारातून हाकलले त्याच्याकडे दगडसुद्धा तोंड वळवतो, आणि म्हणूनच अशा कथेकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

याहून गडद पोथी म्हणजे मालू कवीचा ‘नवनाथ भक्तिसार’. शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, पूर्ण झालेल्या या चाळीस अध्यायांच्या ग्रंथाचे पारायण, म्हणजे नेमाने आरंभापासून शेवटपर्यंत केलेले वाचन, मराठवाड्यात आजही विशेषतः श्रावणात होते. पोथीत शाबरी विद्या, म्हणजे लोकभाषेतील मंत्रांची विद्या, भस्माच्या चिमटीने सोडलेली अस्त्रे, उकिरड्यात बारा वर्षे राहून प्रकटलेला गोरक्ष आणि चिखलाच्या पुतळ्यातून जन्मलेला गहिनी असे एकाहून एक अद्भुत प्रसंग येतात; तथापि तिचे खरे सामर्थ्य क्रौर्याच्या प्रसंगांत दिसते. गुरू मच्छिंद्राने आपल्या लहानग्या मुलाला, मीननाथाला, स्वच्छ करून आणण्यास सांगितले असता शिष्य गोरक्ष त्याला नदीवर नेतो, धुण्यासारखा दगडावर आपटतो आणि त्याचे कातडे वाळत घालतो. गुरू शोक करू लागतो, तेव्हा शिष्य संजीवनी विद्येने मुलाला पुन्हा उठवतो आणि गुरूच्या मायामोहाकडे बोट दाखवतो. मुलाचे शरीर फाडून शिकवलेले वैराग्य आधुनिक वाचकाच्या घशाखाली सहज उतरत नाही, आणि उतरू नये. पण बहुतेक भयकथाकारांना जे धाडस होत नाही ते मालूने देवघरात वाचायच्या पोथीत केले, हे मान्य करावेच लागते. पोथीची दुर्बल बाजू तिच्या अखेरच्या अध्यायात आहे, जेथे प्रत्येक अध्यायाच्या वाचनाने कोणती पीडा टळते वा कोणता लाभ होतो याची फलश्रुती दिली आहे. समंधाची, म्हणजे अतृप्त मृताच्या भुताची, बाधा दूर होण्यासाठी अमुक अध्याय, धनासाठी तमुक, अशी वाटणी झाली की कथेचे औषध होते, आणि औषध घेणारा त्याची चव पाहत नाही.

काळोखाचे दुसरे पुस्तक मात्र वेगळ्या मातीचे आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे, म्हणजे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या सैन्याचे, मोठे ठाणे होते. १९०३ साली ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे महत्त्व संपले, तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे शहराच्या तोंडी राहिली. याच निजामी चाकरीत १८२४ साली दाखल झालेल्या फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) या अधिकाऱ्याने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. हरि नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ज्याच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवरून लिहिली गेली, तोच हा लेखक.

कादंबरीचा नायक अमीर अली हा ठग आपली कहाणी एका साहेबाला सांगतो. सावजाला गोड बोलून भुलवणारा सोथा, रुमालाने गळा आवळणारा भुर्तोट, खड्डा खणून प्रेते पुरणारा लुघा, डावा व उजवा शकुन दाखवणारे पिल्हाऊ आणि थिबाऊ, खुनानंतर देवीच्या नावे वाटला जाणारा तपौनीचा गूळ आणि तो एकदा खाल्ला की माणूस ठगीतून सुटत नाही हा विश्वास, असा सारा मंत्रभारला कर्मकांडाचा पसारा तिच्यात आहे. अमीर अलीच्या हातून नकळत त्याच्या स्वतःच्या बहिणीचाच बळी जातो तो भाग कारागिरीच्या दृष्टीने कादंबरीचा कळस असला, तरी तेथे लेखकाचा हात दिसतो. योगायोग फार नेटका आहे.

पुस्तकाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग कादंबरीत नसून प्रस्तावनेत आहे, आणि तो हिंगोलीचा आहे. टेलर लिहितो की या भागातील ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा छावणीतील प्रतिष्ठित व्यापारी होता आणि इतर अधिकाऱ्यांप्रमाणे टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होत असे. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने सरकारी परवाना मिळवला, वाटेवर असलेल्या मालाच्या मालकाला नोकरचाकरांसह ठार केले आणि त्याच परवान्यावर तो माल छावणीत आणून उघडपणे विकला. भर बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली आणि नदीला मिळणाऱ्या, खंदकाएवढ्या अरुंद कोरड्या ओढ्यात पुरली गेली. माफीचे साक्षीदार थंडपणे एकेक जागा दाखवत गेले, प्रत्येक खड्ड्यातून अनेक प्रेते निघाली, आणि अखेर शिसारी येऊन अधिकाऱ्यांनी शोध थांबवला. या वृत्तान्तात देवी नाही, शकुन नाही, गूळ नाही. दुकान, परवाना आणि कापडाचे गठ्ठे आहेत. कादंबरीतील साऱ्या मंत्रतंत्रापेक्षा हा कोरडा मजकूर अधिक भयंकर आहे, कारण येथे काळोख जंगलात नसून गिऱ्हाइकाशी हसून बोलणाऱ्या माणसात आहे.

तरीही या पुस्तकाला इतिहास मानणे धोक्याचे आहे. ठगांविषयीची बहुतेक माहिती ठगांच्या बंदोबस्ताचे काम पाहणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माफीच्या साक्षीदारांकडून मिळवली होती, आणि ज्याचा जीव इतरांची नावे सांगण्यावर अवलंबून आहे त्याची जबानी निर्मळ असेलच असे नाही. १८३६ सालच्या ठगी कायद्याने केवळ ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. त्यामुळे ठगी हा एक गुप्त धर्मपंथ होता, की दुष्काळ, बेकारी आणि मोडलेली सैन्ये यांतून वाढलेली वाटमारी, याविषयी किम वॅग्नर यांच्यासारख्या अलीकडच्या इतिहासकारांनी जुन्या चित्रावर गंभीर प्रश्न उपस्थित केले आहेत. हिंगोलीच्या ओढ्यातील प्रेते खरी मानली, तरी त्यावरून रंगवलेले देवीभक्त खुन्यांचे अखिल हिंदुस्थानी कारस्थान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

विसाव्या शतकात हीच दोन वळणे मराठी गूढकथेत पुन्हा दिसतात. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘समर्थ’ कथांत अमंगळ शक्ती बाहेरून येते आणि मंत्रज्ञ पुरुष तिला परतवतो. ही नवनाथांचीच वाट आहे, आणि त्यामुळे त्या कथा मिटल्यावर वाचक सुखाने झोपू शकतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या ‘खेकडा’सारख्या कथांत अमंगळ घरातच, माणसाच्या मनातच बसलेले असते; ही हरिसिंगाची वाट आहे. दोन्हींत मतकरींचे लेखन अधिक काळ टिकेल, कारण त्याचा उतारा कोणत्याही अध्यायात सापडत नाही.

मराठी वाचकाने, आणि विशेषतः हिंगोलीच्या वाचकाने, टेलरचे पुस्तक हाती घेतल्यास आधी प्रस्तावना वाचावी, मग कादंबरी. आणि नवनाथांची पोथी वाचताना फलश्रुतीचा अध्याय बाजूस ठेवून मीननाथाचा प्रसंग सावकाश, एक कथा म्हणून वाचावा.