टपालाने आलेले मत

निवडणूक म्हटली की एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. गावच्या शाळेचा एखादा वर्ग, दाराशी लागलेली रांग, टेबलावर पसरलेल्या मतदारयाद्या, बोटाला लागणारी शाई आणि कोपऱ्यात उभा केलेला पुठ्ठ्याचा आडोसा. ह्या साऱ्या सरंजामात सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे तो आडोसा. आणि सर्वांत मोलाची वस्तूही तीच होय. त्या आडोशामागे गेलेल्या माणसाला घटकाभर धनी नसतो, सावकार नसतो, घरचा कर्ता पुरुष नसतो. तो आणि त्याचे मत, एवढेच तेथे असते.

परंतु ज्याला त्या आडोशापर्यंत पोहोचताच येत नाही त्याने काय करावे? सीमेवर पहारा करणारा शिपाई, परगावी सरकारी कामावर गेलेला कारकून, अंथरुणाला खिळलेली वृद्धा, हेही नागरिकच आहेत. त्यांच्यासाठी अनेक देशांनी टपालाचा मार्ग काढला. मात्र मत टपालात पडले की आडोसा मागे राहतो. त्याची उणीव कशाने भरून काढावी, ह्या एका प्रश्नाभोवती टपाली मतदानाचा सारा इतिहास फिरत आला आहे. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या प्रश्नाच्या उत्तराची खरी परीक्षा राष्ट्राध्यक्षांच्या वा संसदेच्या निवडणुकीत प्रथम झाली नाही. ती झाली गावांच्या, शाळामंडळांच्या आणि नगरपालिकांच्या लहान निवडणुकांत.

गुप्त मतदान ही आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटणारी गोष्ट तशी फार जुनी नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया ह्या वसाहतींनी १८५६ साली सरकारी छापील मतपत्रिका आणि गुप्त मतदान ह्यांची पद्धत सुरू केली. इंग्लंडमध्ये तो कायदा होण्यास १८७२ साल उजाडले. तोवर तेथील मतदार भर सभेत, जमीनदाराच्या देखत, आपल्या उमेदवाराचे नाव उच्चारीत असे. नाव उच्चारल्याचे परिणाम त्याला पुढे भोगावे लागत, हे वेगळे सांगावयास नको.

घरापासून दूर असलेल्या मतदाराची आठवण राज्यकर्त्यांना प्रथम झाली ती बहुधा युद्धाच्या निमित्ताने. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, उत्तरेकडील बहुतेक राज्यांनी रणांगणावरील सैनिकांना मतदानाची सोय करून दिली. काही राज्यांनी छावणीतच मतपेट्या ठेविल्या. न्यूयॉर्क राज्याने निराळी युक्ती केली. सैनिकाने आपली मतपत्रिका एका पाकिटात बंद करावी, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून गावाकडील विश्वासू माणसाकडे पाठवावे आणि त्याने ते मतदानाच्या दिवशी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावे, अशी ती योजना होती. पुढे जगभर रूढ झालेली दुहेरी पाकिटाची कल्पना येथे आढळते. आणि त्याच वर्षी सैनिकांच्या नावाने खोट्या मतपत्रिका तयार केल्याच्या आरोपावरून न्यूयॉर्कच्या काही प्रतिनिधींवर लष्करी न्यायासनापुढे खटलाही चालला. सोय आणि शंका ह्या दोघी अशा एकाच वेळी जन्मास आल्या.

पुढेही त्या एकमेकींना सोडून राहिल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रकुलाने १९०२ साली टपाली मतदानास मान्यता दिली, १९११ साली गैरवापराच्या शंकेने ती काढून घेतली आणि १९१८ साली पुन्हा दिली. इंग्लंडने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, सैनिकांसाठी ही सोय केली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या निवडणुकीत तेथे ५ जुलै १९४५ रोजी मतदान झाले. परंतु निकाल लागला तो २६ जुलैला. देशोदेशी पांगलेल्या सैनिकांची मते येऊन पोहोचावीत म्हणून सबंध राष्ट्र तीन आठवडे थांबले होते.

ह्या सर्व ठिकाणी टपाल हा अपवाद होता. तो नियम झाला, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. कॅलिफोर्नियातील माँटेरे कौंटीत १९७७ साली पूरनियंत्रणाच्या एका स्थानिक प्रश्नावर संपूर्णपणे टपालाने मतदान घेण्यात आले. शेजारच्या ऑरेगन राज्याने १९८१ साली स्थानिक निवडणुकांपुरती ह्या पद्धतीची परीक्षा पाहावी असा कायदा केला, आणि लिन कौंटीने तो प्रयोग प्रथम अमलात आणला.

ह्यामागचे कारण तत्त्वज्ञानाचे नव्हते, हिशेबाचे होते. शाळेसाठी कर बसवावा की नाही, अग्निशामक दलाला नवा निधी द्यावा की नाही, अशा प्रश्नांवर तेथे वरचेवर मतदान होते. अशा दिवशी केंद्रे उघडावयाची, माणसे नेमावयाची, दिवसभर दिवे जाळावयाचे आणि संध्याकाळी मोजक्याच मतपत्रिका घेऊन परतावयाचे, हा खर्च अधिकाऱ्यांना सलू लागला होता. मतदार केंद्राकडे येत नाही, तर मतपत्रिका मतदाराकडे पाठवून पाहू, असा हा साधा विचार होता. तो फळास आला. १९८७ साली ऑरेगनने स्थानिक निवडणुकांसाठी ही पद्धत कायम केली. १९९५ साली विधिमंडळाने ती सर्व निवडणुकांना लागू करण्याचे ठरविले. तेव्हा राज्यपालांनी नकाराधिकार वापरून तो ठराव फेटाळला. परंतु १९९६ च्या जानेवारीत सेनेटच्या एका रिकाम्या जागेची निवडणूक टपालाने पार पडली. १९९८ च्या नोव्हेंबरात हा प्रश्न खुद्द मतदारांपुढेच आला, आणि सुमारे ६९ टक्के लोकांनी टपालाच्या बाजूने कौल दिला. २००० साली राष्ट्राध्यक्षाची निवडणूकही ऑरेगनने टपालानेच घेतली. पुढे वॉशिंग्टन, कोलोरॅडो, हवाई आदी राज्यांनी तोच मार्ग धरला.

हे मतदान प्रत्यक्षात कसे होते ते पाहिले म्हणजे आडोशाची जागा तेथे कशाने घेतली हे कळते. मतदानाच्या दिवसाआधी सुमारे दोन ते तीन आठवडे कौंटीच्या कचेरीतून प्रत्येक नोंदलेल्या मतदाराला मतपत्रिका जाते. मतदाराने घर बदलले असल्यास टपाल खाते ती नव्या पत्त्यावर पाठवीत नाही. ती कचेरीकडे परत येते, आणि त्यामुळे मतदारयादीतील चूकही आपोआप उघडकीस येते. मतदार सवडीने मतपत्रिकेवर खुणा करतो, ती गुप्ततेच्या वेष्टनात घालतो, ते वेष्टन परतीच्या पाकिटात ठेवतो आणि पाकिटावर स्वतःची सही करतो. सही नसेल तर मत मोजले जात नाही. हे पाकीट टपालात टाकावे अथवा कचेरीने ठिकठिकाणी ठेवलेल्या पेटीत नेऊन टाकावे. २०२० पासून परतीचे तिकीट सरकारच भरते. पूर्वी हे पाकीट मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत कचेरीत पोहोचलेच पाहिजे असा दंडक होता. २०२२ पासून त्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असलेले पाकीट सात दिवसांच्या आत आले तरी चालते.

कचेरीतील काम ह्याहून महत्त्वाचे आहे. पाकिटावरची सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी प्रत्यक्ष ताडून पाहिली जाते. ती जुळली की मगच पाकीट उघडतात आणि बाहेरचे पाकीट आतल्या मतपत्रिकेपासून वेगळे करतात. सही तपासणाऱ्याला माणूस कळतो पण मत कळत नाही. मत मोजणाऱ्याला मत कळते पण माणूस कळत नाही. आडोशाने जे काम केले असते त्यातले अर्धे काम असे दोन पाकिटे आणि एक दप्तर मिळून करतात.

लहान निवडणुकांना ह्या पद्धतीचा लाभ झाला, असा अनुभव आहे. कॅलिफोर्नियाविषयीच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, टपालाने घेतलेल्या स्थानिक विशेष निवडणुकांत मतदानाचे प्रमाण सुमारे साडेसात टक्क्यांनी अधिक भरले. मोठ्या सार्वत्रिक निवडणुकांत मात्र असा लाभ दिसला नाही. ज्या प्रश्नासाठी माणूस घराबाहेर पडत नाही, त्यासाठीही तो घरबसल्या खूण करण्यास तयार असतो, असा ह्याचा अर्थ घ्यावा लागतो.

तीच सोय, पण दप्तर अपुरे असेल तर काय घडते ह्याचा धडा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम नगराने दिला. इंग्लंडमध्ये २००१ पासून कोणत्याही मतदारास, कारण न सांगता, टपाली मतपत्रिका मागता येऊ लागली. परंतु आलेली सही ताडून पाहण्यासाठी कचेरीत नमुन्याची सहीच नव्हती. २००४ च्या जूनमध्ये नगर परिषदेची निवडणूक झाली. तिच्यातील दोन प्रभागांविषयी तक्रारी आल्या, आणि निवडणूक न्यायालयापुढे पुरावा आला तो धक्कादायक होता. मतपत्रिका मतदारांच्या हाती पडण्यापूर्वीच लांबविल्या गेल्या होत्या, दुसऱ्यांच्या नावाने सह्या झाल्या होत्या, आणि रात्रीच्या वेळी एका गोदामात उमेदवारांच्या मंडळींपाशी मतपत्रिका सापडल्या होत्या. एप्रिल २००५ मध्ये न्यायाधीश रिचर्ड मॉरी ह्यांनी अत्यंत कडक शब्दांत ह्या व्यवस्थेचे दोष दाखवून त्या दोन प्रभागांतील सहा सभासदांच्या निवडी रद्द ठरविल्या. त्यानंतर २००६ च्या कायद्याने टपाली मतदाराची सही आणि जन्मतारीख आधी नोंदवून ठेवणे व ती मताबरोबर ताडणे ह्यांची तरतूद झाली. घडी बसली ती हानी झाल्यावर.

ऑरेगन आणि बर्मिंगहॅम ह्यांतील भेद टपालाचा नव्हता. टपाल दोन्हीकडे होते. भेद कचेरीतल्या कपाटाचा होता. एकीकडे प्रत्येक मतदाराची सही कपाटात होती, दुसरीकडे ते कपाट रिकामे होते.

तथापि सहीने सर्वच प्रश्न सुटतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. सही खरी आहे हे कचेरीस कळते. ती करताना शेजारी कोण उभे होते हे कळत नाही. सासऱ्याच्या, यजमानाच्या किंवा मुकादमाच्या नजरेखाली केलेली खूणही सहीपुरती निर्दोषच ठरते. ऑरेगनमध्ये ज्याला एकांत हवा असेल त्याच्यासाठी कौंटीच्या कचेरीत आडोसा राखून ठेवतात, तो ह्याच जाणिवेने.

भारताच्या दृष्टीने ही बाजू विशेष विचारात घेण्यासारखी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अनेक स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न देता अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. अशा सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे वगळावी लागली. त्यावेळचे निर्वाचन आयुक्त सुकुमार सेन ह्यांचा निर्णय कठोर वाटला तरी त्यात एक मर्म होते. मत घराचे नसते, माणसाचे असते. जे मत असे घरातून बाहेर काढून आडोशामागे नेले, ते पुन्हा घरात न्यावयाचे तर काळजी घेतलीच पाहिजे.

आपल्याकडील कायद्याने ती घेतलेली दिसते. लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकांत टपालाने मत देण्याचा अधिकार प्रथमपासून मोजक्यांनाच दिला गेला. त्यांत सैन्यातील आणि परदेशी नेमणुकीवरील सरकारी नोकर प्रमुख होत. साताऱ्याचा जवान लडाखच्या चौकीवर असला तरी त्याची मतपत्रिका त्याच्यामागे जाते. तो मत एका पाकिटात बंद करतो, ओळखीचे साक्षांकित प्रतिज्ञापत्र त्यासोबत जोडतो आणि दोन्ही मोठ्या पाकिटातून पाठवितो. मोजणीच्या आरंभाची वेळ टळून आलेले पाकीट मात्र उघडले जात नाही. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याखेरीज मतपत्रिका छापता येत नाही, आणि मग थोड्या दिवसांत तिने चौकीपर्यंत जाऊन परत यावयाचे, ही अडचण फार जुनी. २०१६ पासून कोरी मतपत्रिका विद्युत्-मार्गाने पाठविली जाते, आणि भरलेली मतपत्रिका तेवढी टपालाने परत येते. अर्धा प्रवास वाचला.

२०१९ साली ८० वर्षांवरील वृद्धांना आणि दिव्यांगांना ही सोय लागू झाली. २०२४ साली वयाची मर्यादा ८५ करण्यात आली. परंतु त्यांच्यासाठी नाव टपालाचे राहिले तरी रीत बदलली. मतपत्रिका पोस्टमन आणीत नाही. निवडणूक अधिकाऱ्यांचे पथक घरी येते, घरातच आडोसा उभारते आणि मत घेऊन जाते. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपाशी उभा राहिलेला तो पुठ्ठ्याचा आडोसा पाहिला म्हणजे दीडशे वर्षांच्या ह्या वादाचे सार ध्यानात येते.

ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा आणि महानगरपालिका ह्यांच्या निवडणुका मात्र राज्यांच्या निवडणूक आयोगांकडे असून त्यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. पोटासाठी दूर गेलेल्या माणसाला आपल्या गावच्या पाण्याविषयी आणि शाळेविषयी मत देता यावे, ही मागणी आज ना उद्या तेथेही होणारच. ती होईल तेव्हा पाकिटे छापणे सोपे असेल. त्याआधी कचेरीतले कपाट भरलेले आहे की नाही, आणि पाकीट उघडणाऱ्या मतदाराला घरात घटकाभर एकांत मिळतो की नाही, हे दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. बर्मिंगहॅमने ते निवडणुकीनंतर विचारले. लिन कौंटीच्या मार्गाने जाणाऱ्यांनी ते आधी विचारले. दोन्ही निवडणुका लहानच होत्या. धडा मात्र लहान नव्हता.