खनिज तेलाच्या वादातील ‘स्व’

१

मराठी घरातील दिव्यास आणि पुढे स्टोव्हास ज्या तेलाने पिढ्यानुपिढ्या साथ दिली, त्याची ‘घासलेट’ व ‘रॉकेल’ ही दोन्ही नावे इंग्रजी शब्दांची मराठी जिभेवर घडलेली रूपे आहेत. ‘तेल’ हा शब्द तिळाशी नाते सांगतो. तो मुळात गावच्या घाण्यावर निघणाऱ्या पदार्थाचा वाचक होय. खनिज तेल मात्र परदेशी कंपनीच्या डब्यातून आले आणि आपले नावही बरोबर घेऊन आले. याच्या उलट, या तेलाविषयीच्या राजकीय चर्चेत वापरले गेलेले शब्द पाहावेत. ‘स्वदेशी’, ‘स्वावलंबन’, ‘स्वयंपूर्णता’ हे सारे संस्कृत घडणीचे असून त्या सर्वांच्या आरंभी ‘स्व’ आहे. वस्तू परकी व आकांक्षा स्वकीय, असा हा विरोध आहे.

स्वातंत्र्योत्तर भारतात देशांतर्गत तेलशोधाविषयी जो वाद झाला, त्याचा विचार सामान्यतः ‘सरकारी क्षेत्र विरुद्ध खाजगी भांडवल’ या चौकटीत केला जातो. ती चौकट चुकीची नाही, पण अपुरी आहे. सात दशकांच्या या वादात ‘स्व’ या पदाचा अर्थ निदान तीन वेळा बदलला. हा बदल लक्षात न घेतल्यामुळे वादातील पक्ष अनेकदा एकच शब्द उच्चारून भिन्न गोष्टी मागत राहिले. प्रस्तुत निबंधात या अर्थांतराचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

भारतातील तेलाचा इतिहास आसामात सुरू होतो. दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले आणि १९०१ मध्ये तेथेच शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. १९२१ पासून हा व्यवहार बर्मा ऑइल कंपनीच्या हाती गेला. १९४७ मध्ये देशाचे उत्पादन वर्षाला सुमारे अडीच लाख टन होते व गरजेचा फार मोठा भाग आयातीनेच भागत होता.

१९४८ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावात खनिज तेलाचा समावेश ज्या सहा उद्योगांत करण्यात आला, त्यांतील नवे उद्योग फक्त राज्यसंस्थेने काढावयाचे होते. परंतु तत्त्व एक व व्यवहार दुसरा, अशी स्थिती लवकरच उत्पन्न झाली. इराणमधील तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाने १९५१ मध्ये आबादानचा पुरवठा खंडित झाला, आणि देशात शुद्धीकरण कारखाने असण्याची निकड भासू लागली. त्याच वर्षी स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांच्याशी, आणि १९५३ मध्ये कॅल्टेक्सशी करार झाले. तुर्भे येथील दोन कारखाने १९५४ व १९५५ मध्ये, तर विशाखापट्टणम येथील कारखाना १९५७ मध्ये सुरू झाला. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी व कच्चे तेल आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून आणण्याची मुभा या कंपन्यांना मिळाली होती. कारखाने भारतात आले, परंतु त्यांत कोणते तेल शिजावयाचे हे ठरविण्याचा अधिकार भारताबाहेरच राहिला. १९५३ च्या डिसेंबरात बंगालमधील शोधासाठी स्टॅनव्हॅकशी जो करार झाला, त्यातही सरकारचा वाटा चौथाई होता.

या पार्श्वभूमीवर केशवदेव मालवीय यांची भूमिका पाहावयास हवी. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, ज्या कंपन्यांजवळ पश्चिम आशियातील स्वस्त तेल हवे त्याहून अधिक आहे, त्यांना भारतात नवे तेल सापडण्यात स्वारस्य नसते. सापडलेले तेल त्यांच्याच मालाचा ग्राहक कमी करते. म्हणून शोधणारा हात गरजवंताचाच असला पाहिजे. प्रतिपक्षाचा युक्तिवादही पोकळ नव्हता. विहीर खोदणे हा जुगार आहे, कोरड्या विहिरींचा खर्च श्रीमंत कंपनीने सोसावा, दरिद्री राष्ट्राने आपला पैसा धरणे, शाळा व शेती यांवर लावावा, असे त्याचे सार होते. पुढे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने व विशेषतः मिनू मसानी यांनी खाजगी उद्योगाच्या बाजूने जी भूमिका मांडली, तिचे मूळ याच विचारधारेत होते.

१९५८ पर्यंत पुरावा कोणाच्याच बाजूने निर्णायक नव्हता. १९५५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू संचालनालय स्थापन झाले. कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांनी अनुकूल अभिप्राय दिला. ऑगस्ट १९५६ मध्ये संचालनालयाचा आयोग झाला. त्याच वर्षीच्या औद्योगिक धोरणात खनिज तेल ‘अ’ अनुसूचीत घालण्यात आले. परंतु पंजाबच्या डोंगराळ भागातील ज्वालामुखी येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या खोदाईने निराशाच केली, आणि बंगालमध्ये स्टॅनव्हॅकच्या विहिरीही कोरड्याच निघाल्या. सरकारी हात व परकी हात, दोघांनाही भूगर्भाने सारखेच नाकारले. १९५८ च्या सप्टेंबरात खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले, आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे त्याहून मोठे क्षेत्र हाती आले. तेथील पहिल्या विहिरीस पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ हे नाव दिले. परक्या नावाने घरात शिरलेल्या पदार्थाचे हे एक प्रकारे बारसेच होते.

या पहिल्या पर्वात ‘स्व’ म्हणजे भारतीय राज्यसंस्था, व ‘पर’ म्हणजे परकी कंपनी. प्रश्न पुरवठ्याचा नसून निर्णयाचा होता. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा कंपन्यांनी कराराचा आधार घेऊन ते शुद्ध करण्याचे नाकारले, यावरून हे स्पष्ट होते. सरकारने कारखान्यांवर सक्ती केली नाही, मात्र १९५९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ऑइल कंपनीमार्फत तयार माल आणण्याचा मार्ग धरला. १९६० च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पीर पाव धक्क्यास सोव्हिएत डिझेलचे पहिले जहाज लागले. दामले समितीने १९६१ मध्ये तेलाच्या किमतींविषयी अहवाल दिला. कंपन्यांनाही कच्च्या तेलाच्या किमतीत सूट द्यावी लागली. आयात घटली नव्हती, तरी सौदा करण्याची शक्ती वाढली होती. स्वावलंबनाचा हा अर्थ स्वयंपूर्णतेहून भिन्न आहे, आणि तो त्या काळी प्रत्यक्षात साध्यही झाला.

३

‘स्व’चा दुसरा अर्थ आसामाने पुढे आणला. नहरकटिया येथे १९५३ मध्ये तेल सापडल्यावर ते शुद्ध कोठे करावयाचे हा प्रश्न आला. खर्चाचा हिशेब बिहारातील बरौनीच्या बाजूने होता; आसामातील जनमत त्याविरुद्ध उभे राहिले व १९५६-५७ मध्ये तेथे आंदोलन झाले. अखेर तडजोड म्हणून दोन कारखाने झाले. गुवाहाटी येथील लहान कारखाना १९६२ मध्ये, तर बरौनी येथील मोठा कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला. आसामाच्या दृष्टीने तेल नळातून बाहेर जात राहिले, आणि मोबदल्यात मिळणारे स्वामित्वशुल्क अपुरे राहिले.

१९७९ च्या डिसेंबरात आसाम आंदोलनाने बरौनीकडे जाणारे कच्चे तेल अडविले, आणि ही अडवणूक पुढील वर्षाचा बराच काळ चालली. रक्त देऊ, पण तेल देणार नाही, अशा आशयाची घोषणा तेथे गाजली. आंदोलनाचा मुख्य विषय परकीय नागरिकांचा होता. परंतु त्याने हत्यार म्हणून तेलच निवडावे हे अर्थपूर्ण आहे. दिल्लीत ज्यास ‘देशांतर्गत’ म्हणतात ते दिब्रुगडात ‘आमचे’ असते, आणि या दोन सर्वनामांतील अंतर कोणत्याही धोरण-ठरावाने मिटविले नव्हते.

महाराष्ट्राची स्थिती याच संदर्भात तपासण्याजोगी आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ या क्षेत्रात फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजावरून खोदलेल्या विहिरीत तेल लागले. (यातील ‘हाय’ हा भूगर्भशास्त्रातील उंचवटा होय, मराठी वृत्तपत्रांनी तो न भाषांतरताच स्वीकारला.) तेल उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागले, वायूवर थळ-वायशेतचा खत कारखाना उभा राहिला. तथापि हे क्षेत्र प्रादेशिक समुद्राच्या पलीकडे असल्याने घटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार ते संघराज्याच्या मालकीचे आहे. जमिनीवरील विहिरींबद्दल गुजरात व आसाम यांना मिळते तसे स्वामित्वशुल्क महाराष्ट्रास त्यावर मिळत नाही. नाव मुंबईचे, परंतु मालकी मुंबईची नाही.

४

१९७३ च्या पश्चिम आशियाई युद्धानंतर कच्च्या तेलाची किंमत काही महिन्यांत सुमारे चौपट झाली, आणि वादाचा रोख पुन्हा बदलला. आता प्रश्न निर्णयापेक्षा परकीय चलनाचा व पुरवठ्याचा झाला. १९७४ मध्ये एस्सोचा व १९७६ मध्ये बर्मा-शेलचा भारतातील व्यवसाय सरकारने हाती घेतला, हे पहिल्या पर्वाचे राहिलेले काम होते. परंतु त्याच १९७४ साली कच्छ व बंगालच्या किनाऱ्याजवळची क्षेत्रे शोधासाठी परदेशी कंपन्यांना देण्यात आली, हेही विसरून चालणार नाही. ‘बॉम्बे हाय’चा उंचवटा सोव्हिएत जहाजाच्या सर्वेक्षणात प्रथम दिसला, ‘सागर सम्राट’ जपानमध्ये बांधले गेले, आणि १९७७ मध्ये क्षेत्राच्या विकासास जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. स्वावलंबन म्हणजे परक्या साहाय्याचा अभाव असा अर्थ घेतला, तर भारतीय तेलशोधास तो कधीच लागू नव्हता.

उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले. १९८४-८५ मध्ये देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन सुमारे २ कोटी ९० लाख टनांवर गेले, आणि एकूण गरजेच्या सुमारे ७० टक्के भाग देशातून भागू लागला. स्वयंपूर्णता दृष्टिपथात आली असे त्या वेळी वाटणे स्वाभाविक होते. मात्र ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन १९८९ च्या सुमारास शिखरास पोचून उतरू लागले. उत्पादनाचे आकडे गाठण्याच्या घाईत साठ्याच्या दाबाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, अशी टीका झाली. ही टीका ग्राह्य धरली, तर स्वयंपूर्णतेची घाईच स्वयंपूर्णतेस मारक ठरली, असे म्हणावे लागेल.

१९९१ नंतर युक्तिवादांची अदलाबदल झाली. परदेशी व खाजगी भांडवल येऊ देणे हाच परावलंबनातून सुटण्याचा मार्ग, असे आता सरकारच म्हणू लागले. १९९९ मध्ये नव्या शोध-परवाना धोरणाची पहिली फेरी झाली. त्यानंतर बाडमेर येथील तेल व कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू या मोठ्या उपलब्धी खाजगी कंपन्यांच्या हातून झाल्या, आणि दोन्हींचे उत्पादन २००९ मध्ये सुरू झाले. परंतु वायूची किंमत व खर्चाचे हिशेब यांवरून जो वाद माजला, त्यात १९५० च्या दशकातील जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला: खनिज कोणाचे, व किंमत कोणी ठरवावी?

५

२०१५ मध्ये केंद्र सरकारने आयातीवरील अवलंबन २०२२ पर्यंत १० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. प्रत्यक्षात ते वाढले, आणि २०२३-२४ मध्ये ८७ टक्क्यांच्या वर गेले. त्या वर्षीचे देशांतर्गत उत्पादन पाहता एक लक्षणीय गोष्ट आढळते. तेही सुमारे २ कोटी ९० लाख टनच होते, म्हणजे जवळजवळ १९८४-८५ इतकेच. खप मात्र चार कोटी टनांच्या आतून २३ कोटी टनांच्या पुढे गेला होता. स्वयंपूर्णता हे गुणोत्तर आहे. त्याचा अंश भूगर्भ ठरवितो आणि छेद समाज ठरवितो. वाद सत्तर वर्षे अंशाविषयीच झाला. विहीर कोणी खोदावी, कोठे खोदावी, कोणाच्या पैशाने खोदावी, यावर संसदेत व सभांत भरपूर बोलले गेले. किती जाळावे, व कोणी जाळावे, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला.

वरील विवेचनातून निष्पन्न होते ते असे. ‘स्व’चा पहिला अर्थ, म्हणजे निर्णयाचे स्वातंत्र्य, भारताने बहुतांशी मिळविला, मालवीय यांची दूरदृष्टी येथे मान्य केली पाहिजे. दुसरा अर्थ, म्हणजे ज्या भूमीतून तेल निघते तिचा हक्क, अर्धवटच मान्य झाला, आणि त्याची किंमत आसामने व देशानेही मोजली. तिसरा अर्थ, म्हणजे पुरवठ्याची पूर्णता, एकदा जवळ येऊन दूर गेला. हे तिन्ही अर्थ एकाच शब्दाने व्यक्त होत असल्यामुळे एकाचे यश दुसऱ्याच्या अपयशावर पांघरूण घालते. ‘स्वयंपूर्णता’ हा शब्द यापुढे कोणत्याही धोरणपत्रात आढळला, तर अभ्यासकाने प्रथम हेच विचारावे की, त्यातील ‘स्व’ कोण आहे.