काच वर नेणारं बळ

आजचा एपिसोड सुरू होतो ठाण्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. जुलैचा रविवार, धो धो पाऊस, बाबांची २००४ सालची सेडान, आणि मागच्या डाव्या काचेच्या जागी आईने चिकटपट्टीने लावलेली कचऱ्याची काळी पिशवी. काच दाराच्या पोटात घसरून पडली होती. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. वीस वर्षांनंतर कुणाचीही काच पडते.

बटण दाबलं की आतून मोटर फिरल्याचा आवाज यायचा, मग कट-कट-कट, आणि काच ढिम्म. एका मोठ्या वर्कशॉपने पूर्ण असेंब्ली बदलायचे साडेसात हजार सांगितले. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना रे? बघ की." सॉफ्टवेअरवाला वेगळा असतो हे त्यांना अजून पटलेलं नाही.

मग उघडलं दार. हँडलच्या मागचा स्क्रू, आर्मरेस्टमधले दोन, बाकी सगळ्या प्लास्टिकच्या क्लिपा. त्यातल्या तीन मी तोडल्या. आत एक प्लास्टिकचा कागद डकवलेला असतो, तो कृपा करून फाडू नका. काचेच्या फटीतून दारात उतरणारं पाणी गाडीत येऊ नये म्हणून तो असतो, आणि ते पाणी दाराच्या तळातल्या भोकांतून बाहेर जातं. आमची भोकं चिखलाने बुजली होती.

कागदामागे दिसली ती एक छोटी मोटर, एक रूळ, आणि त्यावरून काचेला वर-खाली ओढणारी तार. तार आणि काच जोडणारा प्लास्टिकचा तुकडा, काडेपेटीएवढा, मधोमध फुटला होता. म्हणजे मोटर धडधाकट, तार धडधाकट, आणि हिशेब साडेसात हजारांचा.

इथे थोडं मागे जाऊया. सुरुवातीच्या मोटारींमध्ये काच उचलायला चामड्याचा पट्टा असायचा, कमरेच्या पट्ट्यासारखी भोकं पाडलेला. मग फिरवायचं हँडल आलं. आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या पॅकार्डने आपल्या सर्वांत महागड्या वन-एटी मॉडेलमध्ये बटणावर चालणाऱ्या काचा दिल्या. पुढच्या वर्षी फोर्डच्या लिंकनमध्येही त्या आल्या. पण दारात आजच्यासारखी मोटर नव्हती. काम करत होतं तेल! एक विजेचा पंप द्रवावर दाब टाकायचा, तो दाब नळ्यांतून दारापर्यंत जायचा आणि तिथला दट्ट्या काच उचलायचा. युद्धानंतर जनरल मोटर्सच्या गाड्यांत हीच पद्धत होती, आणि कन्व्हर्टिबलमध्ये तोच पंप छत आणि सीटही हलवायचा. द्रव म्हणून वापरायचे ब्रेक ऑइल, जे हवेतला ओलावा शोषतं आणि सांडलं तर रंग उडवतं. एक नळी गळली की श्रीमंताच्या गाडीची गादी आणि दाराचा रंग दोन्ही गेले. मला विचाराल तर ही डिझाइन रिव्ह्यूमध्येच अडवायला हवी होती.

१९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरिअल गाडीत तेल काढून टाकलं आणि काचांना विजेच्या मोटरी लावल्या. आमच्या दारात आहे ते त्याचंच खापरपणतू. आधी कात्रीसारखे पोलादी हात काच उचलायचे, पुढे वजन आणि खर्च वाचवायला तार आणि प्लास्टिक आलं. आमचा फुटलेला तुकडा म्हणजे ती बचत.

तो तुकडा सुटा कुठेच मिळेना. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या पार्टच्या दुकानात एका चाचांनी माझा मोडका तुकडा पाहिला आणि न बोलता मागून एक वापरलेली काच-मशीन काढून दिली. नऊशे रुपये. याच कुर्ल्यात प्रीमिअरच्या पद्मिनी बनायच्या, दाराला फिरवायचं हँडल असलेल्या. त्यांतली शेवटची टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

काच टेपने फ्रेमला बांधली, जुनी मशीन काढली, नवी बसवली, रबरात सिलिकॉन स्प्रे मारला. बटण दाबलं आणि काच सुर्रकन वर. बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात माझी चार वर्षांची भाची मागच्या सीटवर चढली, गुडघा आर्मरेस्टवर, डोकं बाहेर. गुडघ्याखाली काय होतं? बटण. आमच्या गाडीतलं बटण झोपाळ्यासारखं आहे, एक टोक दाबलं की काच खाली, दुसरं दाबलं की वर. काच दोन बोटं वर सरकली आणि मी किल्ली फिरवून बंद केली.

तिला उतरवल्यावर मी काचेत एक गाजर धरलं आणि बटण दाबून ठेवलं. काच थांबली नाही. गाजराचे दोन तुकडे झाले.

कारण मोटरच्या तोंडाशी वर्म गिअर असतो. मोटर त्याच्यामार्फत काच हलवू शकते, पण काच ढकलून मोटर उलटी फिरवता येत नाही. म्हणून चोराला काच खाली दाबता येत नाही. म्हणूनच अडकलेल्या मुलालाही ती हाताने दाबून सुटता येत नाही.

अशा अपघातांत मुलं गेली आहेत, आणि नियम त्यांच्या मागून आले. अमेरिकेत १९७१ पासून किल्ली बंद असताना या काचा चालू नयेत असा नियम झाला, गाडीत एकट्या राहिलेल्या मुलांसाठी. पण किल्ली चालू असताना गुडघा टेकला तर? त्यावर नियम यायला २००४ उजाडलं. त्याच्या चाचणीत मुलाच्या गुडघ्याऐवजी ४० मिलिमीटरचा गोळा बटणावर दाबतात. २००५ च्या कायद्याने आणखी सोपं केलं: काच वर न्यायची तर बटण बोटाने वर ओढलं पाहिजे. गुडघा ओढू शकत नाही! आजच्या गाड्यांतलं बटण असं का असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

अडथळा लागला की आपोआप मागे फिरणारी काचही असते. मोटरजवळचा सेन्सर फेऱ्या मोजतो, वेग अचानक मंदावला की सॉफ्टवेअर मोटर उलटी फिरवतं. त्यासाठी नियमातली मर्यादा १०० न्यूटन, साधारण दहा किलोच्या पोत्याचा भार. ही सोय सगळ्या काचांना सक्तीची करायची नाही, असं अमेरिकेच्या यंत्रणेने २०११ मध्ये ठरवलं.

आमच्या गाडीत तो सेन्सर नाही, आणि ओढायचं बटण या दारात बसत नाही. मी बसवून पाहिलं. पण ड्रायव्हरच्या दारावर मागच्या काचा लॉक करायचं एक बटण आहे, जे बाबांनी आजवर कधी दाबलंच नव्हतं. ते दाबून वर पांढरी टेप लावली आहे. आता भाची मागून ओरडते, "आजोबा, काच!" आणि बाबा आरशात आधी तिचे हात बघतात.