विमानाची प्रतिकृती आणि रेझिनचे भाग

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘स्पिटफायर’ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर होता. १:३२ प्रमाणाच्या प्रतिकृतीत तो ३५ सेंटिमीटर भरतो. एवढ्या आकारात वैमानिकाच्या कक्षातील उणिवा लगेच नजरेत भरतात. म्हणून संचातील प्लॅस्टिकच्या भागांऐवजी तेथे रेझिनचे भाग बसवतात. सिलिकॉन रबराच्या लवचिक साच्यात द्रवरूप रेझिन ओतून ते घडवले जात असल्याने त्यांवर बारीकसारीक तपशीलही उमटतात. रंगकामापूर्वी ते साबणाच्या पाण्याने धुवावे लागतात. अन्यथा साच्याच्या तेलकट थरामुळे रंग टिकत नाही. प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद रेझिनवर निरुपयोगी ठरतो. त्यासाठी सायनोॲक्रिलेट किंवा इपॉक्सी लागते. रेझिनची सूक्ष्म धूळ श्वसनमार्गास अपायकारक असल्याने हे भाग ओले करूनच घासावेत आणि धूळरोधक मास्क वापरावा.