सत्रातून रंगमंचावर : सत्रीय नृत्य आणि स्त्रीदेह

शंकरदेवांच्या (१४४९–१५६८) अंकिया नाटांतून उमललेले सत्रीय नृत्य आसामातील वैष्णव मठांत, म्हणजेच सत्रांत, पुरुष भक्तांनी जोपासले. माजुलीच्या कमलाबारी सत्रात स्त्रीभूमिकाही ब्रह्मचारी भक्तच करीत. १९५८ साली महेश्वर निओग यांनी दिल्लीच्या नृत्य-परिसंवादात या परंपरेची मांडणी केली; संगीत नाटक अकादमीची शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता मात्र २००० साली लाभली. इंदिरा पी. पी. बोरा, शारदी सैकिया यांच्यासारख्या नर्तकींनी ते रंगमंचावर रुजविले. यास पुनरुज्जीवन म्हणणे अपुरे ठरते, कारण सत्रांत परंपरा खंडित झालीच नव्हती. घडले ते स्थलांतर : उपासनेचे प्रयोगात, आणि पुरुषांनी कल्पिलेल्या ‘चाली’तील लास्याचे स्त्रीदेहात. ते लास्य तिचे स्वतःचे झाले, की पुरुषकल्पित स्त्रीच तिने पुन्हा वठविली, हा प्रश्न समीक्षेने टाळू नये.